नोटीस त्यांची, पण साचा आधीपासून तुमचा

ठाण्याहून एका उद्योजिकेचं पत्र आलं आहे. थोडं कापून देतो:

"वागळे इस्टेटमध्ये आमचा छोटा गाळा आहे. २०१६ च्या गणपतीपासून आम्ही उकडीच्या मोदकांचे ॲल्युमिनियमचे साचे करतो, ११ कळ्यांचे, ६२ मि.मी. उंचीचे. २०१८ पासून साच्याला स्प्रिंगचा खटका आहे. तो दाबला की दोन्ही भाग सुटतात आणि मोदकाची कळी मोडत नाही. खोक्यावर पदर खोचलेल्या आजीचं चित्र आहे, ते २०१७ मध्ये माझ्या भाचीने काढलं. आम्ही कशाचीच नोंदणी केली नाही. आता पुण्याजवळच्या एका कंपनीच्या वकिलाची नोटीस आली आहे. साच्याच्या आकाराचं डिझाइन त्यांनी जून २०२३ मध्ये नोंदवलं, खटक्याचं 'पेटंट' ऑगस्ट २०२३ चं, आणि आमचंच नाव आजीच्या तशाच चित्रासह ट्रेडमार्क म्हणून गेल्या महिन्यात जर्नलमध्ये छापून आलंय. १५ दिवसांत विक्री बंद करा, नाहीतर कोर्टात खेचू, असं म्हणतात. २०१९ च्या पावसात गाळ्यात पाणी शिरून आमची दोन बिलबुकं गेली. गणपती तोंडावर आहेत. ऑर्डरी घ्यायच्या की नाही?"

ताई, ऑर्डरी घ्या. तुम्ही लिहिता तसंच घडलं असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. पण ती कुठे भक्कम आहे आणि कुठे कच्ची, हे उत्तर पाठवण्याआधी नीट कळायला हवं. नोटिशीच्या या वादात चार वेगवेगळे हक्क गुंतलेत. आकार म्हणजे डिझाइन, खटका म्हणजे पेटंट, नाव म्हणजे ट्रेडमार्क आणि आजीचं चित्र म्हणजे कॉपीराइट. "आम्ही आधीपासून करतोय" या तुमच्या वाक्याला या चार कायद्यांत चार वेगळ्या किमती आहेत. ट्रेडमार्कमध्ये आधीचा वापर हा तुमचा स्वतःचा हक्क ठरतो. डिझाइन आणि पेटंटमध्ये आधीच्या विक्रीने त्यांची नोंदणी पडते, पण मालकी तुमच्याकडे येत नाही, ती वस्तू सगळ्यांसाठी खुली होते. चित्राचा हक्क तर ते काढलं त्याच दिवशी जन्माला आला, त्याला नोंदणी लागत नाही.

आकारापासून सुरुवात करू, कारण नोंदणी झालेलं असं त्यांच्या हातात एवढंच आहे. डिझाइन कायदा २००० च्या कलम ४ प्रमाणे, अर्जाच्या तारखेआधी जो आकार भारतात किंवा बाहेर कुठेही छापून, विकून किंवा अन्य प्रकारे लोकांसमोर आला असेल, त्याची नोंदणी होऊ शकत नाही. तरी ती झाली, कारण तुमच्या साच्याचा फोटो तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या शोधात आला नसणार. अशी नोंदणी कलम १९ खाली रद्द करून घेता येते. अर्ज कोलकात्याच्या डिझाइन कार्यालयाकडे जातो आणि नोंदणी चालू असेपर्यंत कधीही करता येतो. त्यांनी आधीच दावा लावला, तर रद्द करण्याची हीच कारणं कलम २२ प्रमाणे बचाव म्हणून मांडता येतात. असा बचाव घेतला की दावा जिल्हा न्यायालयातून उच्च न्यायालयाकडे वर्ग होतो. त्यामुळे ठाण्यात सुरू झालेलं प्रकरण मुंबईला जाईल. वकील ठरवताना आणि खर्चाचा अंदाज घेताना हे धरून चाला.

डिझाइनचा निकाल डोळ्यांनी लागतो. त्यांच्या नोंदणीत साधारण सात बाजूंची चित्रं असतील: पुढून, मागून, डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून आणि तिरकं. नोंदणी क्रमांकावरून ती पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर पाहता येतात. तुमच्याकडचा २०१६-१७ चा जुना साचा शोधा आणि त्याच सात बाजूंनी, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा. मग एकेक बाजू जोडीने लावून बघा: कळ्या किती, टोक किती निमुळतं, तळाला सारण भरायचं तोंड गोल की लंबगोल, बिजागरी बाहेर दिसते की नाही. सातही जुळल्या तर रद्द करण्याचा पाया पक्का. त्यांच्या साच्याला १३ कळ्या आणि वेगळं टोक निघालं, तर लढाई नोंदणी रद्द करण्याची उरत नाही. तेव्हा तुमचं म्हणणं असेल की आमचा साचा तुमच्या डिझाइनसारखा नाहीच. दोन्ही म्हणणी एकत्र मांडता येतात: "आमचा साचा २०१६ चाच आहे. तो तुमच्या डिझाइनसारखा असेल तर तुमचं डिझाइन नवं नाही, आणि सारखा नसेल तर आम्ही काही उल्लंघन केलेलं नाही." पण नुसतंच "आमचा वेगळा आहे" असं लिहून दिलंत, तर पुढे आधीच्या विक्रीचा मुद्दा मांडताना तेच वाक्य तुमच्यासमोर धरलं जाईल.

इथे एक कटू भाग आहे. तुमचा ११ कळ्यांचा आकार आता तुम्हालाही नोंदवता येणार नाही. तुमच्याच २०१६ च्या विक्रीने तो जुना झाला. "ड्रॉइंगचा कॉपीराइट तर आमचा आहे" असं कुणी सुचवलं, तर तिथेही वाट अरुंद आहे. नोंदवता येण्यासारखं डिझाइन न नोंदवता यंत्राने ५० पेक्षा जास्त नग काढले की कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ प्रमाणे त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. कुठलं रेखाटन या तरतुदीत बसतं हे ठरवण्याची कसोटी सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये क्रायोगॅस विरुद्ध आयनॉक्सच्या निकालात दिली आहे. मोदकाचा साचा तिच्यात बसेल असं धरूनच चाला. म्हणजे आकारावर तुम्हाला बिनधास्त विकण्याची मोकळीक मिळेल, इतरांना अडवण्याचा हक्क मात्र नाही. पुढचा नवा आकार बाजारात नेण्याआधी, व्हॉट्सॲपवर फोटो टाकण्याआधी, नोंदवून घ्या. नोंदणी दहा वर्षांची असते आणि आणखी पाच वर्षांसाठी वाढवता येते.

आता खटका. तो चालतो कसा, ही यंत्रणेची बाब असल्याने डिझाइनमध्ये तिला संरक्षणच नाही. त्याची जागा पेटंटमध्ये. नोटिशीत 'पेटंट' म्हटलंय, पण क्रमांक तपासा. ऑगस्ट २०२३ चा अर्ज १८ महिन्यांनी, म्हणजे २०२५ च्या सुरुवातीला प्रसिद्ध झाला असणार. प्रसिद्ध होणं आणि मंजूर होणं यांत मोठं अंतर आहे. मंजुरीआधी उल्लंघनाचा दावा लावता येत नाही. संकेतस्थळावर अर्जाची स्थिती फुकट दिसते. तो नुसता प्रलंबित असेल आणि ते तुमच्या दुकानदारांना "पेटंटचा भंग करताय" म्हणून धमकावत असतील, तर पेटंट कायद्याच्या कलम १०६ खाली निराधार धमकीविरुद्ध तुम्हीच न्यायालयात जाऊ शकता. फक्त "अमुक पेटंट आहे" एवढं कळवलं तर ती धमकी धरत नाहीत, म्हणून त्यांची पत्रं आणि मेसेज शब्दशः जपून ठेवा.

अर्ज प्रलंबित असेपर्यंत नमुना ७अ भरून मंजुरीपूर्व विरोध करता येतो. तो कुणीही करू शकतं. अर्जदार पुण्याजवळचा असल्याने प्रकरण अँटॉप हिलच्या मुंबई पेटंट कार्यालयाकडे असायला हवं, आणि विरोध ऑनलाइन दाखल होतो. पुरावा सोबतच जोडायचा आणि सुनावणी हवी असेल तर तशी मागणी त्याच अर्जात लिहायची. नंतर बघू म्हणून ठेवलं आणि मधेच पेटंट मंजूर झालं, तर हा मार्ग बंद. मग मंजुरी प्रसिद्ध झाल्यापासून एका वर्षात मंजुरीनंतरचा विरोध, उच्च न्यायालयात रद्द करण्याचा अर्ज, किंवा त्यांनी दावा लावल्यास त्यात प्रतिदावा, अशा वाटा उरतात. त्या एकाच वेळी धरता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलंय. म्हणून आताच, स्वस्तातली वाट धरा.

विरोध जिंकायचा की हरायचा हे त्यांच्या पहिल्या दाव्याच्या वाचनावर ठरतं. पेटंटमध्ये 'दावा' म्हणजे शेवटी क्रमांक घालून लिहिलेली वाक्यं. हक्क तेवढाच, वरचं वीस पानी वर्णन नाही. पहिल्या दाव्याचे तुकडे पाडा आणि प्रत्येकासमोर तुमचा २०१८ चा साचा ठेवा. समजा त्यात पाच तुकडे आहेत: दोन अर्धे भाग, बिजागरी, स्प्रिंग, दाबायचा खटका आणि कडेला सिलिकॉनची पट्टी. तुमच्या साच्यात पहिले चार असले तर "हे आधीच लोकांच्या वापरात होतं" हा मुद्दा अपुरा पडतो, कारण त्यासाठी पाचही एकाच जुन्या वस्तूत दिसावे लागतात. तेव्हा मुद्दा बदलायचा: चार तर होतेच, आणि गळती थांबवायला सिलिकॉनची पट्टी लावणं हे या धंद्यातल्या कुणालाही सहज सुचण्यासारखं आहे. यासाठी डब्याच्या झाकणाला, कुकरला अशी पट्टी लावल्याचे जुने कॅटलॉग जोडावे लागतील. दुसरीकडे, तुमच्या साच्यात ती पट्टीच नसेल तर त्या दाव्याचा भंगही होत नाही.

म्हणून एक काम अजिबात करू नका: घाबरून किंवा स्पर्धेपोटी यंदाच्या मालाला सिलिकॉनची पट्टी लावू नका. आधीच्या विक्रीचा आधार तुम्ही तेव्हा जे करत होता तेवढ्यालाच आहे, आज नव्याने जोडलेल्याला नाही. शिवाय जर्मनी किंवा जपानप्रमाणे "आधीपासून वापरणाऱ्याला पेटंट असूनही वापरत राहू द्या" अशी सवलत आपल्या पेटंट कायद्यात नाही. इथे पेटंट पाडावं लागतं किंवा त्याच्या कक्षेबाहेर राहावं लागतं. तुमचा खटका उघडउघड विकला जात होता, कुणीही उलटून बघू शकत होतं, म्हणून 'सार्वजनिक वापर' सिद्ध करणं सोपं आहे. बंद दाराआड वापरलेली एखादी प्रक्रिया असेल, जसं आतल्या लेपाचं मिश्रण, तर मंजुरीपूर्व विरोधात तो मुद्दा चालत नाही. गुप्त वापराचं कारण कलम ६४ खाली, पेटंट रद्द करतानाच उपयोगी पडतं.

नावाच्या बाबतीत घड्याळ खरोखर चालू आहे. ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून आल्यापासून चार महिन्यांत विरोध दाखल व्हायलाच हवा, मुदत वाढत नाही. गेल्या महिन्यात छापलं म्हणता, म्हणजे तुमच्याकडे साधारण तीन महिने आहेत. जर्नलची नेमकी तारीख बघून कॅलेंडरवर लिहा आणि शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. नमुना टीएम-ओ, ऑनलाइन फी प्रत्येक वर्गाला २,७०० रुपये. स्वयंपाकघरातले साचे वर्ग २१ मध्ये येतात. त्यांच्या अर्जात 'वापर कधीपासून' हा रकाना आधी वाचा. तिथे 'वापरणार आहोत' असं किंवा २०१६ नंतरची तारीख असेल, तर त्यांनी स्वतःच्या हाताने तुम्हाला आधीचं मान्य केल्यासारखं आहे.

नोंदणी झालीच, तरी ट्रेडमार्क कायद्याचं कलम ३४ तुमचं रक्षण करतं, पण अटीसह. त्यांचा वापर आणि त्यांची नोंदणी, या दोन्हींत जी तारीख आधीची, तिच्याही आधीपासून तुमचा वापर हवा आणि तो सलग हवा. नोंदणीची तारीख म्हणजे अर्जाची तारीख. आधीच्या वापराचा हक्क नोंदणीपेक्षा वरचढ असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये तिरुनेलवेलीच्या इरुट्टुकडई हलव्याच्या वादात सांगितलंय. 'सलग' या शब्दावर समोरचा वकील बोट ठेवेल, २०२० आणि २०२१ च्या विक्रीबद्दल नक्की विचारेल. त्या दोन वर्षांची चार-पाच बिलं मिळाली तरी वेगळी काढून ठेवा. आणि हे नाव तुम्ही साच्यांवर वापरलंय. उद्या त्याच नावाने आप्पेपात्र काढलंत तर कलम ३४ ते आपसूक झाकणार नाही. विरोधाबरोबर स्वतःचा अर्जही टाका, नमुना टीएम-ए. व्यक्ती किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन फी ४,५०० रुपये. वापर २०१६ पासून लिहायचा असेल तर प्रतिज्ञापत्र आणि कागद सोबत लागतात. गप्प बसून राहिलात आणि पाच वर्षं त्यांचा नोंदलेला ट्रेडमार्क तुमच्या डोळ्यांदेखत चालू राहिला, तर कलम ३३ प्रमाणे तक्रारीचा हक्कच गळून पडू शकतो.

आजीच्या चित्राकडे तुम्ही पत्रात एका ओळीत पाहिलंय, पण ते तुमचं फार चांगलं हत्यार आहे. ज्या चित्राचा वापर कॉपीराइटने अडवता येतो, ते ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येत नाही, कलम ११. कार्यालय हे स्वतःहून बघत नाही, विरोधात तुम्हीच मांडायचं. अडचण एकच: चित्राची मालकीण भाची आहे, तुम्ही नाही. घरातलंच माणूस आहे म्हणून कागद झालेला नसतो. आता करा: कुठलं चित्र, कुठले हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशात आणि मोबदला किती, हे लिहून भाचीची सही घ्या. काळ लिहिला नाही तर कायदा पाचच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. कागदावर आजची खरी तारीख घाला, मागची तारीख टाकण्याचा मोह नको, तो एक कागद सगळं प्रकरण बुडवेल. मूळ रेखाटन, तिच्या वहीतले कच्चे प्रयत्न, फाइल पाठवलेला ईमेल, छापखान्याचं २०१७ चं खोक्यांचं बिल, हे सगळं एकत्र ठेवा. कॉपीराइटची नोंदणीही करून घ्या. मालावर वापरायच्या चित्राला फी २,००० रुपये आहे आणि तसाच ट्रेडमार्क दुसऱ्या कुणाचा नाही असा दाखला ट्रेडमार्क कार्यालयाकडून लागतो. त्यांचा अर्ज मधे असल्याने तो दाखला अडेल. म्हणून आधी विरोध, मग ही नोंदणी.

बाकी सगळं पुराव्यावर आहे, आणि इथेच लहान धंदे हरतात. तुमचं २०१६ चं बिल काढून बघा. त्यावर बहुधा 'मोदक साचा, १२ नग' एवढंच असेल. यातून विक्री सिद्ध होते, आकार नाही. बिलाला आकाराशी जोडणारी साखळी लागते: डायमेकरचं बिल आणि त्याच्याकडचं ड्रॉइंग, त्यावरचा मॉडेल क्रमांक, तोच क्रमांक कॅटलॉगमध्ये, कॅटलॉगमध्ये फोटो. १ जुलै २०१७ आधीच्या, म्हणजे जीएसटी येण्यापूर्वीच्या, बिलांवर व्हॅटचा टिन क्रमांक (तेव्हाचा करनोंदणी क्रमांक) असेल. तो असलेलं बिल नंतर बनवलं असा आरोप करणं कठीण, म्हणून अशी बिलं सोन्यासारखी जपा. पावसात गेलेल्या बिलांची दुसरी प्रत दुकानदारांकडे असते. जांभळी नाक्याच्या बाजारात तुमचे साचे घेणारे जे जुने दुकानदार असतील, त्यांच्या खरेदीच्या फाइली बघायला सांगा. सीएकडची व्हॅट विवरणं आणि बँकेचे उतारेही मागवा. कुणा गिऱ्हाइकाकडे न फोडलेलं जुनं खोकं मिळालं तर ते फोडू नका. साक्षीदारांसमोर फोटो काढून तसंच सीलबंद ठेवा.

फेसबुकची जुनी पोस्ट, व्हॉट्सॲपवरचा फोटो, ईमेल हे चालतं, पण नुसत्या प्रिंटआउटला किंमत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं: एक फोन किंवा संगणक ज्याच्या ताब्यात आहे त्याचं, दुसरं तज्ज्ञाचं, आणि फाइलचा हॅश आकडा (फाइलीत काहीही बदललं की बदलणारी तिची डिजिटल खूण) त्यात लिहायचा. म्हणून जुना फोन विकू नका, रीसेट करू नका.

नोटिशीतले १५ दिवस त्यांनी ठरवलेत, कायद्याने नाही. तरी उत्तर त्या मुदतीत द्या. लांबलचक नको: आम्ही २०१६ पासून विकतो, खटका २०१८ पासून, चित्र २०१७ चं, तुमचे दावे अमान्य, डिझाइन रद्द करण्याचे आणि विरोधाचे हक्क राखून ठेवतो. पुराव्याचा गठ्ठा जोडू नका, कारण प्रत्येक कागदातली फट शोधायला त्यांना वेळ मिळेल. "तुमच्यासारखाच साचा" असा शब्द उत्तरात येऊ देऊ नका.

उत्तर टपालात पडायच्या आधी कॅव्हेट दाखल करा, म्हणजे तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय एकतर्फी मनाई सहसा निघणार नाही. ते ९० दिवस टिकतं, गणपतीच्या आधी संपत असेल तर नव्याने टाका. कुठे टाकायचं हे दाव्यावर अवलंबून आहे: ट्रेडमार्क आणि कॉपीराइटसाठी त्यांना स्वतःच्या गावी, म्हणजे पुण्यातही दावा लावता येतो. डिझाइनसाठी सहसा जिथे तुम्ही आहात किंवा माल विकला गेला तिथे. ठाणे आणि पुणे, दोन्हीकडे टाका.

सणाच्या तोंडावर खरा फटका मात्र कोर्टाआधी ऑनलाइन विक्रीला बसतो. नोंदणीचं प्रमाणपत्र दाखवून तक्रार केली की तुमचं पान काढून टाकलं जाऊ शकतं, आणि ते परत यायला सणाचे दिवस निघून जातात. म्हणून डिझाइन रद्द करण्याच्या अर्जाची पोच, २०१६ चं एक बिल, कॅटलॉगचं पान आणि वकिलाचं एक पानी पत्र एकाच पीडीएफमध्ये आत्ताच बांधून ठेवा. तीच फाइल तुमच्या दुकानदारांनाही द्या. त्यांच्याकडे फोन गेला तर त्यांनी काय म्हणायचं हे त्यांना माहीत असलं पाहिजे. समाजमाध्यमांवर त्या कंपनीला चोर म्हणू नका, त्यातून बदनामीचा नवा दावा निघेल.

पेटंट आणि डिझाइनचं काम पेटंट एजंट किंवा या क्षेत्रातल्या वकिलाकडूनच करून घ्या. पहिल्या भेटीला जाताना तीन वस्तू पिशवीत हव्यात: २०१६ चा साचा, २०१८ चा खटक्याचा साचा आणि त्यांच्या कंपनीचा बिल घेऊन विकत आणलेला एक साचा. तो तिसरा साचा आजच मागवा.